अनुदान बाटलीला की गव्हाणीला?

हिंगणा तालुक्यातल्या आमच्या गावी दादाचा कोठा आहे. पुण्याकडचे गोठा म्हणतात, आम्ही कोठा. त्याच्या मातीच्या भिंतीत एक कोनाडा आहे, पूर्वी तिथं कंदील असायचा. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्या कोनाड्यात आणि खाली जमिनीवर मिळून अकरा बाटल्या उभ्या होत्या. सगळ्या गाईला पाजायच्या कॅल्शियमच्या, सगळ्या लिटरच्या, आतलं सगळं संपलेलं. एकीत डिझेल भरून ठेवलेलं, एकीत वहिनीचं फिनाईल. प्रत्येकीवर हिरव्यागार कुरणात उभी असलेली काळी-पांढरी गुबगुबीत गाय, पायाशी वासरू, आणि ‘माज’, ‘गर्भधारणा’, ‘भरपूर दूध’ हे शब्द लाल ठळक अक्षरांत. मागच्या बाजूला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशी एक ओळ होती: औषधी उपयोगासाठी नाही.

बाटल्या तांबडीच्या नावानं आल्या होत्या. तांबडी म्हणजे जर्सी संकराची, तिसऱ्या वेताची गाय. व्याल्यापासून पाच महिने झाले तरी माजावर येईना म्हणून दादा दुकानातून एक संपली की दुसरी आणत गेला. दिवाळीच्या आठवडाभर आधी वहिनीनं हट्टच धरला, तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, हात घातला, थोडा वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, हे त साडेतीन-चार महिन्यांची गाभण हाय न जी. अन् तुम्ही इले माजावर आणून राहिले?” आषाढात चरायला सोडली होती, तेव्हा गावच्या मोकाट गोऱ्ह्यानं आपलं काम उरकून घेतलं होतं. घरात सगळे हसले, दादा सोडून. अकरा बाटल्यांचे पैसे त्याचे गेले होते.

त्या बाटल्या आता पुन्हा आठवायचं कारण गावातली अर्जांची गडबड. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ साली सुरू झाला आणि त्यानं आमच्याकडे एक गोष्ट नक्की केली: गावातल्या दुधाला रोजचं, खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं. हे मी मनापासून मान्य करतो. त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याची किंमत कळेल. आता १९ जिल्ह्यांसाठीचा दुसरा टप्पा आहे आणि त्यात इतर बऱ्याच गोष्टींबरोबर जनावरांची प्रजननक्षमता वाढवणाऱ्या पूरक खाद्यावर २५ टक्के अनुदान आहे. कल्पना वाईट नाही. पण ‘पूरक खाद्य’ या दोन शब्दांत खूप काही मावतं. त्यात गोणीतली राखाडी पावडर मावते आणि कोनाड्यातली लाल अक्षरांची बाटलीही मावते. सरकारी पैसा यातल्या कशावर आणि कधी खर्च व्हावा, हा माझा प्रश्न आहे. गाय गाभण न राहण्याचा प्रश्न मात्र ती व्याल्यावर चौथ्या महिन्यात बाटली आणून सुटत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. तो ती व्यायच्या दोन महिने आधी गव्हाणीत सुटतो, नाहीतर तिथंच बिघडतो.

आधी हिशोब करू. त्या दिवशी मी एका बाटलीवरचा मजकूर वाचला. १०० मिलीत कॅल्शियम साधारण ३ ग्रॅम. रोजचा डोसही १०० मिलीच. आता दुधाकडे पाहा. एक लिटर दुधातून १.२ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जातं. तांबडी ताज्या वेतात दहा लिटर द्यायची, म्हणजे रोज १२ ग्रॅम नुसतं बादलीत. तिच्या अंगाला लागतं ते वेगळं, आणि पोटात गेलेलं सगळं काही रक्तात उतरत नाही हेही वेगळं. बाटली ३ ग्रॅम देते. उलट खनिज मिश्रणाची साधी पावडर, जिच्यात कॅल्शियम २० टक्क्यांच्या जवळपास असतं, ती ५० ग्रॅम घातली तर १० ग्रॅम झालं. आणि दहा किलो हिरवा बरसीम किंवा लसूणघास टाकला तर त्यातून २० ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. बरसीमवर कोणाचा फोटो नसतो, त्यामुळे तो गुणकारी वाटत नाही. एवढी बेरीज शाळेतला पोरगा करील. पण दुकानात ती कोणी करत नाही, कारण तिथं गाय खाली बसल्याच्या घाईनं माणूस गेलेला असतो.

म्हणजे पूरक खाद्य बिनकामाचं आहे का? अजिबात नाही. इथं माझे काही सेंद्रियवाले मित्र माझ्यावर रागावतील. ‘आमच्या आज्यानं कुठं पावडर घातली होती’ हा त्यांचा लाडका मुद्दा. बरोबर आहे, नव्हती घातली. पण आज्याच्या दावणीला गवळाऊ होती. नागपूर-वर्ध्याची ही पांढरीशुभ्र, काटक जात मुळात ओढकामाची. ती दूध द्यायची तेही वासराचं पोट भरून उरेल इतकंच. तिच्या जागी आपण दिवसाला दहा-बारा लिटर देणारी संकरित गाय आणली आणि गव्हाण मात्र आज्याचीच ठेवली: तुरीचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), सोयाबीनचं कुटार, गहू निघाला की गव्हाचं, आणि वरून सरकीची ढेप.

या गव्हाणीत काय कमी पडतं ते आपल्या जमिनीवरून सुरू होतं. विदर्भातली काळी कपाशीची जमीन चुनखडीयुक्त, जास्त सामूची (पीएचची). तिच्यात जस्त आणि स्फुरद असले तरी पिकाला सहज मिळत नाहीत. शेतकऱ्याला हे पिकाच्या बाबतीत पाठ आहे, झिंक सल्फेटची पिशवी तो न सांगता आणतो. पण जे पिकाला मिळालं नाही ते कुटारात कुठून येणार आणि कुटारात नाही ते गाईला कुठून मिळणार, ही पुढची पायरी कोणी चढत नाही. गाय दावणीचा दोर चघळते, भिंत चाटते, चिंध्या खाते, उकिरड्यावरची हाडं चावते, तेव्हा आपण तिला ‘वाईट खोड लागली’ म्हणतो. बहुतेक वेळा ती स्फुरदाची किंवा मिठाची भूक असते. पूर्वेला मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडे गेलं की गव्हाणीत धानाचं तणस येतं. त्यातल्या ऑक्झलेटमुळे असलेलं कॅल्शियमही बांधलं जातं. आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ज्या कोठ्यात हिरव्याचं पानही दिसत नाही, तिथं ‘अ’ जीवनसत्त्वाची बोंब. मग व्याल्यावर जार (वार) अडकते, वासरू अशक्त निघतं, आणि गर्भाशयाला एकदा जंतू लागले की पुढचे तीन माज फुकट.

तेव्हा पावडर हवीच. जस्त, तांबं, कोबाल्ट, आयोडीन, मँगनीज ही मूलद्रव्यं चिमूटभर लागतात, पण त्यांच्यावाचून माज मुका राहतो (येतो, पण दिसत नाही), गाय वारंवार उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही), खुरं बिघडतात. ही रोज, बारा महिने, कालवडीलाही आणि आटलेल्या गाईलाही लागतात. मोठ्या जनावराला ५० ग्रॅमपासून पुढे, दुधाप्रमाणे वाढवत. वरून मूठभर मीठ.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गाय माजावर येते तेव्हा बीजांडकोशातली जी पुटिका फुटते, ती काही त्या आठवड्यात तयार झालेली नसते. तिच्या वाढीला दोन-तीन महिने आधी सुरुवात झालेली असते. म्हणजे दिवाळीत रेतन करायच्या गाईचं बीज श्रावणात घडत असतं. श्रावणात तिचे हाल झाले असतील, तर दिवाळीतल्या बाटलीनं ते मागे जाऊन दुरुस्त होत नाहीत. आणि हाल व्हायचा काळ ठरलेलाच आहे. व्याल्यावर दूध दीड-दोन महिन्यांत टोकाला जातं, पण गाईची भूक त्या टोकाला पोचायला त्याहून उशीर लागतो. मधल्या काळात ती स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून बादली भरते. आमच्याकडे म्हणतात, गाय ‘दुधात गेली’. माकडहाड वर येतं, बरगड्या मोजता येतात. अशा वेळी तिचं शरीर पहिल्यांदा जे काम बंद करतं ते माजाचं. शहाणपणाच आहे तो, स्वतःचंच पोट भरत नसताना दुसरं पोट कशाला? इथं तिला मूलद्रव्यांच्या आधी ऊर्जा हवी असते: मक्याचा भरडा, चुनी, चांगला मुरघास (दाबून मुरवलेला हिरवा चारा), भरपूर पाणी. जास्त दुधाच्या गाईला फार तर बायपास फॅट, म्हणजे पहिल्या पोटात न फुटता पुढे जाऊन पचणारी चरबी. बाटली ही त्या यादीत कुठंच पहिली नाही.

ढेपेबद्दलही बोलायला हवं, कारण विदर्भात ‘खुराक’ म्हणजे ढेप. अकोल्याच्या ढेपेचा तर वायदेबाजारात भाव निघतो. भाव चढला की दादा ढेप अर्ध्यावर आणतो आणि बचतीचे पैसे बाटलीत घालतो. उलटही होतं. कोणी सांगितलं की गाय कमजोर आहे, तर माणूस ढेपेचा मारा करतो. प्रथिनं खूप आणि ऊर्जा कमी असं झालं की रक्तात युरिया वाढतो, आणि तो गर्भ रुजण्याच्या आड येतो. पाच किलो ढेप खाऊनही गाय का उलटते, याचं एक उत्तर त्या पाच किलोतच असू शकतं.

‘देऊन ठेवू, नुकसान तर नाही’ हा यातला सगळ्यात महागडा गैरसमज. नुकसान आहे. गाय व्यायच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला कॅल्शियमचा रतीब लावला, तर हाडांतून कॅल्शियम काढायची तिच्या शरीराची यंत्रणा झोपी जाते. मग व्याल्याच्या दिवशी चिकात एकदम कॅल्शियम ओढलं जातं, यंत्रणा वेळेवर जागी होत नाही, आणि गाय मान पोटाकडे वळवून बसून राहते. दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण अंग गार पडलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या दुधाळ गाईत हे जास्त. व्याल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरच्या सल्ल्यानं कॅल्शियम देणं हे वेगळं, आणि ‘चांगलं असतं’ म्हणून आठव्या महिन्यापासून पाजणं वेगळं. बाटलीवर मात्र दोन्हीसाठी एकच गाय हसत उभी असते. सेलेनियमचं तसंच. जार पडायला ते ‘ई’ जीवनसत्त्वाबरोबर उपयोगी, पण गरजेच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर फार नाही. एका गाईला दोन कंपन्यांच्या दोन पावडरी आणि एक बाटली, असं मी तीन कोठ्यांत पाहिलं. त्यांची बेरीज कोणी केली होती? कोणी नाही.

आणि जे पोटातून सुटणारच नाही त्याचं काय? संकरित गाईला तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की त्रास सुरू होतो. नागपुरात मार्चच्या दुपारीच तो ओलांडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, पत्र्याच्या खाली बांधलेली गाय माजावर आली तरी तो माज दोन-चार तासांत, तोही रात्री येऊन जातो. राहिलाच गर्भ, तर पहिल्या आठवड्यात टिकायची मारामार. तिथं पत्र्यावर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) थर, बाजूला ओल्या ताट्या आणि चोवीस तास गार पाणी यांनी जे होईल ते जगातल्या कुठल्याही बाटलीनं होणार नाही. पऱ्हाटी आमच्याकडे बांधावर जाळतात.

माज कोण पाहतं, हा तर वेगळाच विषय आहे. माज टिकतो बारा ते अठरा तास. एक चुकला की २१ दिवस गेले. त्या एकवीस दिवसांचा चारा, ढेप आणि न मिळालेलं दूध यांचा हिशोब केला तर वर्षाची पावडर त्यात येऊन जाईल. पहाटे चारला शेण काढायला कोठ्यात कोण जातं? वहिनी. माजाच्या वेळी शेपटीला लागलेला काचेसारखा चिकट सोट कोणाला दिसतो? वहिनीला. तालुक्याला दुग्धव्यवसायाचं प्रशिक्षण होतं, तेव्हा टोपी आणि बॅग घेऊन कोण येतं? दादा. तांबडीच्या वेळी वहिनीनं आषाढातच सांगितलं होतं, “गाय गेल्या बाजारच्या दिवशी लय हंबरत होती.” दादानं मनावर घेतलं नाही. बाटल्यांचं दुकानही त्यानंच निवडलेलं, दुकानदारही त्याचाच मित्र.

दुकानदारावर मी फार चिडत नाही. तो निदान दुकानात असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक एक आणि गावं पंधरा, अशी गत असेल तर शेतकरी जाईल कुठं? १९६२ या क्रमांकाचं फिरतं पशुवैद्यकीय पथक आलं, ते चांगलंच आहे. पण गाय आजारी नसते, ती नुसती गाभण नसते. त्यासाठी फोन करायचं कोणाच्या मनात येत नाही. कंपनीचा प्रतिनिधी मात्र मोटारसायकलवर दारात येतो, गाईच्या पाठीवर हात ठेवतो, नमुन्याची पुडी देतो. शासनाला त्याच्याशी स्पर्धा करायची असेल तर त्याचाच माल स्वस्त करून देणं ही स्पर्धा नव्हे.

मग अनुदान कशावर द्यावं? खनिज मिश्रणावर द्या, पण आयएस १६६४ या मानकाप्रमाणे घटक छापलेल्या आणि प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतलेल्या पावडरीवरच. ‘माज आणते’ असा दावा करणाऱ्या कशावरही नको. त्याहून चांगलं, आपल्या भागाची पावडर बनवा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं भागवार चाऱ्याची तपासणी करून क्षेत्रनिहाय खनिज मिश्रणाची पद्धत घालून दिलेली आहेच. नागपुरात तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, १९५८ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माती तर सरकारनं आधीच तपासून ठेवली आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका निघतात, त्यात जस्त, लोह, तांबं, मँगनीज, स्फुरद सगळं लिहिलेलं असतं. आमच्याकडे ती पत्रिका बँकेच्या पासबुकाबरोबर पिशवीत पडून आहे. त्या पत्रिका आणि गावोगावचं कुटार शेजारी ठेवून काटोलची पावडर वेगळी आणि मौद्याची वेगळी का असू नये? संत्र्याच्या पट्ट्यातली गव्हाण आणि धानाच्या पट्ट्यातली गव्हाण एक नाही.

आणि अनुदान मिळण्याआधी एक अट घाला: गर्भतपासणी. दुसऱ्या टप्प्यात वंध्यत्व निवारणाचा कार्यक्रमही आहे, त्याला पूरक खाद्य जोडून टाका. आधी हात घाला, मग पावडर द्या. गाभण आहे का, गर्भाशयात पू आहे का, बीजांडकोश चालू आहे का, की प्रश्न ब्रुसेलासारख्या रोगाचा आहे, हे कळल्याशिवाय दिलेलं पूरक म्हणजे अंधारात मारलेला खडा. प्रत्येक गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहेच. त्या क्रमांकावर शेवटचं वेत, शेवटचं रेतन आणि तपासणीची तारीख चढवली, तर अनुदान मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा लागेल. दादाच्या अकरा बाटल्यांपैकी दहा तरी त्या एका प्रश्नानं वाचल्या असत्या.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, तो दादाचाच आहे. “तुमचं नागपुरात बसून बोलणं सोपं हाय. बरसीमले पाणी कोण देईन? विहीर मार्चात आटते.” हा आक्षेप खोटा नाही. कोरडवाहू माणसाला बाटली परवडते, कारण ती आज दोनशे-तीनशेत मिळते, आणि बरसीमाला विहीर लागते. म्हणूनच माझा आग्रह मुरघासावर आहे. श्रावण-भादव्यात ज्वारी, मका हिरवा असतो, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवला तर तो एप्रिलमध्ये उघडतो. पहिल्या वर्षी दादाची एक पिशवी उंदरांनी कुरतडली आणि अख्खी सडली, हेही सांगतो. पण दुसरी टिकली. एप्रिलच्या उन्हात ती उघडली तेव्हा आंबूस वास कोठाभर पसरला आणि आटलेल्या विहिरीच्या काठावर तांबडीनं दोर तोडायचा तेवढा बाकी ठेवला होता.

तांबडी या वर्षी चैत्रात व्याली, कालवड झाली. कोठ्याच्या दाराच्या आत वहिनीनं भिंतीवरचं कॅलेंडर आणून लावलं आहे. त्यावर वेताच्या तारखेला कुंकवाचा ठिपका आहे. पंचेचाळिसाव्या दिवशी पहिला माज दिसला, तिथं दुसरा ठिपका, आणि तिथून २१ घरं मोजून पेन्सिलनं एक गोल. शेजारी खिळ्याला पावडरची पिशवी आणि मापाला काड्यापेटीची रिकामी दोन खोकी. दादानं परवा बाजारातून पुन्हा एक बाटली आणली. ती अजून फोडलेली नाही. वहिनीला फिनाईलसाठी रिकामी बाटली हवी आहे, पण तीही थांबली आहे.